खिशातील हजार गाणी : संगीतयंत्रांच्या विक्रीकलेचा इतिहास

१

यंत्राचा इतिहास लिहिणारे बहुधा त्याच्या शोधापासून आरंभ करतात आणि त्याच्या जागी दुसरे यंत्र आले की लेखणी खाली ठेवतात. परंतु यंत्राचा शोध लागतो एकदा आणि ते विकले जाते लक्षावधी वेळा. आणि दर विक्रीच्या वेळी त्याच्याविषयी काहीतरी बोलावे लागते. कोणत्या काळी कोणती वस्तू कोणत्या शब्दांनी विकली गेली हे पाहिले असता, त्या काळच्या माणसाला काय हवे होते आणि विक्रेत्याने प्रत्यक्षात त्याच्या हाती काय ठेवले, या दोहोंचाही उलगडा होतो. खिशात मावणाऱ्या अंकीय संगीतयंत्रांचा, लोक ज्यांस ‘एमपीथ्री प्लेअर’ म्हणत आले त्यांचा, इतिहास आम्ही या दृष्टीने मांडू इच्छितो. ही यंत्रे १९९८ मध्ये बाजारात आली आणि त्यांतील सर्वांत प्रसिद्ध यंत्राचे उत्पादन २०२२ मध्ये थांबले. एवढ्या अल्पावधीत एका व्यापाराचे बालपण, तारुण्य आणि अंत असे तिन्ही पाहावयास मिळावेत, हे इतिहासाच्या अभ्यासकाचे भाग्यच म्हटले पाहिजे.

साहित्याच्या सभेत हा विषय कशासाठी, अशी शंका कोणी घेतील. तिचे उत्तर सोपे आहे. या यंत्रांच्या द्वारे जे विकले गेले ते गाणे होय. आणि आपल्या भाषेत गाणे हे कवितेचे दुसरे घर आहे. ओवी, अभंग, लावणी, नाट्यपद, भावगीत यांपैकी काहीही पुस्तकात राहून लोकांपर्यंत पोहोचलेले नाही. ते गळ्यावाटे पोहोचले. तेव्हा गळ्याची जागा यंत्राने घेतली असता कवीचे काय झाले, हा प्रश्न आपलाच आहे.

२

ध्वनी विकण्याचा उद्योग आपल्या देशात १९०२ साली सुरू झाला. त्या वर्षी ग्रामोफोन कंपनीचा फ्रेडरिक गैसबर्ग कलकत्त्यास आला आणि नोव्हेंबर महिन्यात त्याने गौहर जान हिचे गायन मुद्रित केले. तबकड्या तयार होत त्या मात्र जर्मनीत, हॅनोव्हर येथे. तेथील कारागिरांना आपली भाषाही ठाऊक नव्हती आणि गायकांची ओळखही नव्हती. म्हणून गाणे संपता संपता गाणाराने स्वतःचे नाव मोठ्याने उच्चारावे, अशी रीत पडली. त्या जुन्या तबकड्या आज ऐकल्या तर शेवटी गौहर जान आपले नाव सांगताना ऐकू येते. सोय कारखान्याची होती. परंतु तिचा परिणाम असा झाला की नाव आणि गाणे एकाच खोबणीत कोरले गेले. एक ऐकले की दुसरे ऐकावेच लागे. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचा उपयोग होणार आहे.

याच कंपनीने फ्रान्सिस बॅरॉड या चित्रकाराचे एक चित्र १८९९ मध्ये विकत घेतले. भोंग्यासमोर बसून धन्याचा आवाज ऐकणारा तो कुत्रा आपल्या वडीलमाणसांच्या पिढीला घरच्यासारखा परिचित होता. त्या चित्राने ग्राहकास दिलेले वचन एकच होते : आवाज इतका हुबेहूब आहे की मुके जनावरही फसावे. विक्रीच्या या पहिल्या युगात विकला जाणारा गुण म्हणजे सच्चेपणा.

दुसरे युग १ जुलै १९७९ रोजी जपानात उगवले. सोनी कंपनीने त्या दिवशी ‘वॉकमन’ हे ध्वनिफितीचे छोटे यंत्र ३३,००० येन किमतीस विक्रीला काढले. त्यात ध्वनिमुद्रणाची सोय नव्हती. तेव्हा ते घेणार कोण, असे त्या कंपनीतल्याच पुष्कळांना वाटत होते. प्रारंभीच्या महिन्यात जेमतेम ३,००० नग खपले. मग कंपनीने वर्तमानपत्री जाहिरातीपेक्षा वेगळा मार्ग धरला. पत्रकारांना टोकियोच्या योयोगी उद्यानात नेऊन त्यांच्या कानांस हे यंत्र लावले. तरुण नोकरांना ते घेऊन रस्त्यांतून आणि आगगाड्यांतून हिंडविले व भेटेल त्याला ऐकविले. ऑगस्ट संपण्यापूर्वी पहिले ३०,००० नग संपले. येथे सच्चेपणाविषयी बोलणे मागे पडले. विकली गेली ती मोकळीक : गाणे घरी राहणार नाही, तुमच्याबरोबर चालेल. तरीही पहिल्या वॉकमनला दोन श्रोत्यांसाठी दोन खाचा ठेवलेल्या होत्या. एकट्याने ऐकणे हे अद्याप विक्रेत्यालाही थोडे चमत्कारिक वाटत असावे.

३

अंकीय युगाचा पाया जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत घातला गेला. कार्लहाइन्झ ब्रांडेनबुर्ग आणि त्यांचे सहकारी यांनी माणसाच्या कानाचा स्वभाव अभ्यासला. मोठ्या स्वराच्या निकट असलेला बारीक स्वर कानास ऐकू येत नाही. मग तो साठवावा कशाला? या विचाराने न ऐकू येणारा भाग गाळून ध्वनी आखडण्याची जी पद्धती सिद्ध झाली, तिच्या संचिकांस १९९५ च्या जुलैत ‘एमपीथ्री’ हे शेपूट मिळाले. सीडीवर एका मिनिटाच्या संगीतास सुमारे दहा मेगाबाइट जागा लागे. या पद्धतीने सुमारे एका मेगाबाइटात काम भागू लागले.

१९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने ‘एमपीमॅन’ आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या डायमंड कंपनीने ‘रिओ’ ही यंत्रे आणली. रिओची किंमत सुमारे २०० डॉलर आणि साठवण ३२ मेगाबाइट, म्हणजे साधारण अर्ध्या तासाचे गाणे. ही यंत्रे विकण्याची भाषा संगणकाच्या दुकानातील होती : मेगाबाइट इतके, मिनिटे इतकी, वजन इतके. गिऱ्हाईक संगणकात रमणारा तरुण असेल असे गृहीत धरलेले होते, आणि ते खरेही होते.

रिओची खरी जाहिरात मात्र तिच्या शत्रूंनी केली. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने ऑक्टोबर १९९८ मध्ये या यंत्राविरुद्ध दावा लावला. विक्रीस तात्पुरती मनाई करण्याचे न्यायालयाने नाकारले, आणि जून १९९९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने निवाडा दिला की, १९९२ च्या कायद्यात ज्यास ध्वनिमुद्रणयंत्र म्हटले आहे ते हे नव्हे. ग्राहक आपल्याजवळचेच गाणे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेतो एवढेच. त्या निवाड्याने पुढच्या सर्व यंत्रांसाठी दार उघडले. फिर्यादीने प्रतिवादीचा डांगोरा पिटावा, असे व्यापाराच्या इतिहासात क्वचितच घडते.

४

२३ ऑक्टोबर २००१ रोजी कॅलिफोर्नियात स्टीव्ह जॉब्झ यांनी ॲपल कंपनीचे ‘आयपॉड’ प्रकट केले. किंमत ३९९ डॉलर, साठवण ५ गिगाबाइट. कल्पना काही नवी नव्हती. क्रिएटिव्ह या सिंगापूरच्या कंपनीने आदल्याच वर्षी ६ गिगाबाइटांचे यंत्र विक्रीस आणले होते. ते आकाराने सीडीच्या यंत्राएवढे होते. तोशिबाने बनविलेल्या १.८ इंची हार्ड डिस्कमुळे आयपॉड खिशात मावू शकले. तथापि आमच्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही नव्हे. महत्त्वाचे ते वाक्य, ज्याने हे यंत्र विकले गेले : तुमच्या खिशात हजार गाणी.

या वाक्यात एकही तांत्रिक शब्द नाही. मापच बदलले आहे. मेगाबाइट नाही, मिनिट नाही. गाणे हेच माप. धान्य पायलीने मोजावे तसे संगीत गाण्यांनी मोजले गेले. परंतु पायली ठरवावी लागते. तशी कंपनीने तीही ठरविली होती. एक गाणे म्हणजे चार मिनिटे, असा त्या हजाराचा हिशेब होता. पाश्चात्य लोकप्रिय गीताला हे माप बरोबर बसते. आमच्या चित्रपटगीताला आणि भावगीतालाही बसते, कारण त्यांचा देह पूर्वीच साडेतीन मिनिटांच्या तबकडीत घडलेला आहे. पण चाळीस मिनिटे चाललेला ख्याल या पायलीने दहा गाणी भरतो, आणि दोन तासांचे कीर्तन तीस. मापात न बसणाऱ्या वस्तूचे काय होते, हे बाजारात वावरणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

संख्येचा आणखी एक गुण आहे. ती हाव उत्पन्न करते. पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये माडगूळकर आणि फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते आठवड्यास एक याप्रमाणे प्रसारित झाली. श्रोता सात दिवस वाट पाही, आणि त्या सात दिवसांत मागचे गीत त्याच्या मनात मुरत असे. हजारांच्या हिशेबात ही संपूर्ण कृती म्हणजे अवघी ५६ गाणी. आम्ही येथे नव्याची निंदा आणि जुन्याची आरती करीत नाही. हजार गाणी जवळ असणे हे सुखच आहे. परंतु ज्या मापाने वस्तू विकली जाते त्याच मापाने ती पुढे वापरली जाते, एवढे सांगणे इतिहासाचे काम आहे.

२००३ पासून या यंत्राच्या सुप्रसिद्ध छायाकृतींच्या जाहिराती सुरू झाल्या. भडक एकरंगी पार्श्वभूमी, तिच्यावर नाचणारी काळी आकृती, आणि पांढरेशुभ्र यंत्र व त्याची पांढरी तार. आकृतीस चेहरा नाही. तो कोणाचाही असू शकतो, म्हणून पाहणाराचाच असतो. शिवाय त्या काळी बहुतेक यंत्रांच्या तारा काळ्या असत. त्यामुळे पांढरी तार कानात घालून निघालेला प्रत्येक ग्राहक ही चालती जाहिरातच झाला. ग्रामोफोनच्या चिन्हात धनी गाणारा होता आणि श्रोता त्याच्या पायाशी बसलेला होता. शंभर वर्षांनंतरच्या या चित्रांत गाणारा कोठेच नाही. श्रोत्यानेच सारी भिंत व्यापली आहे. या दोन चित्रांमधील अंतर म्हणजेच आमच्या विषयाचा सारांश होय.

त्याच वर्षी २८ एप्रिलला ॲपलने गाण्यांचे दुकान उघडले. दोन लाख गाणी, दर गाण्यास ९९ सेंट. पहिल्या आठवड्यात दहा लाख गाणी विकली गेली. चौर्याने गाणी उतरवून घेण्यास सोकावलेल्या पिढीला पैसे देण्यास प्रवृत्त करणे हे लहान काम नव्हते, आणि त्याचे श्रेय या दुकानास दिलेच पाहिजे. एप्रिल २००७ पर्यंत दहा कोटी आयपॉड खपले होते. प्रतिस्पर्धी मागे पडले. सोनीचे स्वतःचे संगीतगृह असल्यामुळे तिने आपली अंकीय यंत्रे दीर्घकाळ स्वतःच्याच ध्वनिपद्धतीत बांधून ठेवली. मायक्रोसॉफ्टने २००६ मध्ये ‘झून’ आणले. मित्राने मित्राला गाणे पाठवावे अशी त्यात सोय होती, पण पाठविलेले गाणे तीन दिवसांत किंवा तीनदा ऐकून झाल्यावर निकामी होई. स्नेहाची जाहिरात आणि कृपणाची देणगी, असा तो प्रकार. २०११ मध्ये ते यंत्र बंद पडले.

५

जाहिरातीचा इतिहास लिहिताना ती काय बोलली इतकेच पाहून चालत नाही. ती कशाविषयी गप्प राहिली हेही पाहावे लागते. अशी दोन मौने येथे थोडक्यात नोंदवितो, आणि तिसऱ्याविषयी सविस्तर लिहितो.

पहिले मौन विजेरीचे. आयपॉडची विजेरी ग्राहकास स्वतः बदलता येत नसे. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या दोघा बंधूंनी, त्याच छायाकृतींच्या भित्तिपत्रकांवर ही विजेरी अठरा महिनेच टिकते अशी अक्षरे उमटवून त्याचे चलच्चित्र प्रसिद्ध केले. प्रकरण न्यायालयात गेले आणि २००५ मध्ये कंपनीने ग्राहकांशी तडजोड केली.

दुसरे मौन मालकीचे. दुकानातून घेतलेले गाणे एका अदृश्य कुलपात येत असे. ठरलेल्या यंत्रांखेरीज ते अन्यत्र वाजत नसे. ॲपलने हे कुलूप २००९ मध्ये काढून टाकले. त्यापूर्वी २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या बंद झालेल्या दुकानाच्या ग्राहकांस कळविले की, किल्ल्या देणारे यंत्र लवकरच थांबविले जाईल. ओरड झाली तेव्हा मुदत वाढविली. ‘विकत घेतले’ या शब्दाचा अर्थ दुकानदाराच्या मर्जीवर अवलंबून असू शकतो, हे तेव्हा प्रथमच सामान्य माणसाच्या ध्यानी आले.

तिसरे मौन नावांचे. ते आमच्या मते सर्वांत गंभीर आहे. कारण त्याविरुद्ध कोणी दावा लावला नाही आणि कोणी ओरडही केली नाही.

एमपीथ्री संचिकेत मुळात फक्त ध्वनी होता. गाण्याची ओळख पटावी म्हणून १९९६ मध्ये तिच्या शेपटीला १२८ अक्षरांची एक चिठ्ठी जोडण्याची युक्ती निघाली. त्या चिठ्ठीचे रकाने असे : गाण्याचे नाव ३० अक्षरे, कलावंत ३०, संग्रह ३०, वर्ष ४, टीप ३०, शिवाय प्रकाराचा एक अंक आणि चिठ्ठीची खूण म्हणून तीन अक्षरे. यात कवीला रकाना नाही. संगीतकारालाही नाही. जेथे गाणारा स्वतःच लिहितो आणि स्वतःच चाल लावतो, अशा संगीतावर नजर ठेवून केलेली ही आखणी होती. तेथे एक नाव पुरते. आपल्याकडे एका गाण्याची तीन माणसे असतात. आकाशवाणीचा निवेदक गीतकार, संगीतकार आणि गायक अशी तिन्ही नावे सांगे. पुष्कळ तबकड्यांच्या लेबलांवरही ती छापलेली असत. चिठ्ठीत तिघांपैकी एकच मावला, आणि तो अर्थातच गाणारा.

शिवाय ही चिठ्ठी रोमन अक्षरांपुरतीच होती. तीत देवनागरी लिहिता येत नसे. त्यामुळे मराठी गाणी प्रथम या यंत्रांत शिरली ती परक्या लिपीचे कपडे घालून, आणि तीही जो तो आपापल्या समजुतीप्रमाणे शिवलेले. एकाच गाण्याची पाच स्पेलिंगे होत आणि यंत्राच्या लेखी ती पाच निरनिराळी गाणी ठरत. १९९८ मध्ये चिठ्ठीची दुसरी आवृत्ती निघाली. तीत जगातील लिप्यांना वाव होता, संगीतकाराला जागा होती आणि गीतलेखकालाही स्वतंत्र जागा होती. म्हणजे तंत्रज्ञाने आपली चूक लवकरच सुधारली होती. परंतु जागा असणे निराळे आणि ती कोणी भरणे निराळे. यंत्राच्या बोटभर पडद्यावर गाणे, कलावंत आणि संग्रह यांचीच मिरवणूक चाले. जे दिसत नाही ते कोण भरणार? विक्रेत्याने हजार गाणी मोजली. त्या गाण्यांची माणसे मोजण्याचे त्याला कारणच नव्हते.

संतकवी या बाबतीत आपल्याहून शहाणे होते असे म्हणावे लागते. ‘तुका म्हणे’, ‘नामा म्हणे’, ‘जनी म्हणे’ ही मुद्रा अभंगाच्या शेवटच्या चरणातच बसविलेली असते. चाल कोणीही लावो, गळा कोणाचाही असो, चिठ्ठी असो वा नसो, कवीचे नाव गाण्याबाहेर काढताच येत नाही. गौहर जानने तबकडीच्या अखेरीस जे कारखान्याच्या सोयीसाठी केले, ते आपल्या संतांनी कित्येक शतकांपूर्वी परंपरेच्या सोयीसाठी केले होते. आधुनिक भावगीताच्या कवीने मुद्रा सोडली, कारण त्याचा छापखान्यावर आणि निवेदकावर विश्वास होता. निवेदक गेला, वेष्टन गेले आणि कवी उघडा पडला. आज विद्यार्थ्यास एखाद्या लोकप्रिय मराठी गाण्याचा कर्ता विचारावा, तो बहुधा गायकाचे नाव सांगतो. हा अनुभव शिक्षक असलेल्या आमच्या बहुतेक वाचकांना असेल. दोष विद्यार्थ्याचा नाही. त्याला जी चिठ्ठी मिळाली ती त्याने वाचून दाखविली.

६

या इतिहासाला आपल्या देशात एक अनपेक्षित वळण मिळाले. ९ जानेवारी २००७ रोजी ॲपलने आयफोन जाहीर केला, आणि खिशातल्या फोनने हळूहळू संगीतयंत्राला गिळले. जगभर ही यंत्रे दुकानांतून नाहीशी होत असता २०१७ मध्ये ‘सारेगामा’ कंपनीने भारतात ‘कारवाँ’ नावाचे नवे संगीतयंत्र विकावयास काढले. ही सारेगामा म्हणजे दुसरी कोणी नसून, गौहर जानचे गाणे मुद्रित करणाऱ्या त्या जुन्या ग्रामोफोन कंपनीचीच वारस होय.

कारवाँची विक्रीकला आयपॉडच्या नेमकी उलट होती. रूप जुन्या ट्रान्झिस्टरचे. आत पाच हजार जुनी हिंदी गाणी आधीच भरलेली. संगणक नको, उतरवून घेणे नको, निवडणेही नको. बटण फिरवावे आणि ऐकावे. जाहिरात तरुणाला उद्देशून होती, पण यंत्र त्याच्यासाठी नव्हते. ते त्याने आपल्या आईवडिलांना भेट द्यावयाचे होते. येथे विकला गेला तो सच्चेपणा नव्हे, मोकळीक नव्हे, संख्याही नव्हे. विकली गेली ती आठवण, आणि थोडीशी मुलांची अपराधी भावना. मराठी गाण्यांचीही आवृत्ती पुढे निघाली. विशेष असे की, या यंत्राच्या चक्रावर गायकांच्या जोडीने संगीतकार आणि गीतकार यांचीही नावे होती. जुन्या श्रोत्याला गाणे तीन नावांनी आठवते, हे विक्रेत्याने ओळखले होते. बाजाराला नावांचे वावडे नसते; मागणी असेल तर तो तीही देतो. ही गोष्ट आम्हांस आशादायक वाटते.

१० मे २०२२ रोजी ॲपलने आयपॉडची शेवटची मालिका बंद करीत असल्याचे जाहीर केले. आता गाणे खिशातही नसते. ते दूर कोठेतरी असते आणि महिन्याच्या भाड्याने ऐकावयास मिळते. या सेवांपैकी काहींनी गाण्यामागील श्रेयनामावली दाखविण्यास आरंभ केला आहे. परंतु जी नावे कोणी भरून देईल तीच तेथे दिसणार, हा जुना नियम तसाच आहे.

मराठी साहित्य संस्थांना येथे करण्याजोगे काम आहे, आणि ते खर्चाचे नाही. बृहन्महाराष्ट्रातील प्रत्येक गावी जुन्या तबकड्या, त्यांची वेष्टने, नाटकांची पदावल्या-पुस्तके आणि ती जपणारी माणसे अद्याप आहेत. प्रत्येक संस्थेने आपापल्या परिसरातील मुद्रित मराठी गाण्यांची सूची करावी. तीत गाण्याचा मुखडा, कवी, संगीतकार, गायक आणि वर्ष एवढे पाच रकाने शुद्ध देवनागरीत असावेत, आणि ती सर्वांस खुली करावी. शाळांतील वरच्या वर्गांतील मुलांकडूनही हे काम करवून घेता येईल. व्यापाऱ्याने कोणता रकाना ठेवावा हे आपण ठरवू शकत नाही. परंतु त्याच्याजवळ रकाना असताना तो भरण्यास आपल्याजवळ नाव नाही, अशी स्थिती मात्र येऊ देता कामा नये. हजार गाणी खिशात बाळगणाऱ्या पिढीला त्या गाण्यांचे कवी कोणी सांगितले नाहीत, असा बोल पुढच्या इतिहासकाराने लावला, तर तो विक्रेत्याला लागणार नाही. तो आपल्याला लागेल.